प्रिंटर बंद करायचा की झोपवायचा? माझा अनुभव

रात्री झोपायच्या आधी घरभर फिरून खटके बंद करायची माझी जुनी सवय. टीव्ही, चार्जर, स्पीकर आणि त्याच फेरीत शाईवर चालणारा इंकजेट प्रिंटर. दोन वर्षं मी रोज रात्री प्रिंटरचा भिंतीवरचा खटका बंद करत होतो आणि वीज वाचवतोय या समाधानात झोपत होतो.

मग एका संध्याकाळी मुलीचा वीस पानांचा प्रकल्प छापायला घेतला. पहिलंच पान बाहेर आलं तेव्हा काळी अक्षरं आडव्या पांढऱ्या रेघांनी कापलेली दिसली. प्रत्येक ओळीचा मधला पट्टा गायब. "बाबा, हे असं नाही देता येणार," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. नोझल चेकचं पान काढलं. त्यावर बारीक रेघांची जाळी छापून येते, प्रत्येक रेघ म्हणजे शाईचं एक छिद्र. निळा, गुलाबी, पिवळा जवळजवळ धड होते, पण काळ्याच्या जाळीत मधल्या सात-आठ रेघा नव्हत्याच. हेड क्लीनिंग केलं, म्हणजे ही छिद्रं असलेला भाग, हेड, प्रिंटरकडूनच धुऊन घेतला, आणि पुन्हा जाळी छापली. तीन रेघा परत आल्या. असं चारदा केल्यावर पान वाचण्याजोगं झालं, पण अर्ध्यावर असलेली काळी शाई तळाला गेली. एवढ्या शाईत तो प्रकल्प कितीतरी वेळा छापून झाला असता.

ही शाई नेमकी गेली कशामुळे हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून प्रिंटर बघत बसलो. बंद करायला पॉवरचं बटण दाबलं की काळ्या-रंगीत कार्ट्रिजचा डबा सरकत उजव्या टोकाला जातो, खालून रबराची चौकट वर येते आणि 'टक्' असा आवाज होतो. हे हेडचं घर. ती रबराची टोपी छिद्रांवर घट्ट बसते आणि शाई हवेला उघडी राहत नाही. दिवा थोडा वेळ लुकलुकतो तो यासाठीच. हे सगळं उरकल्यावरच तो विझतो.

भिंतीवरचा खटका मारला की यातलं काही होत नाही. हेड जिथे असेल तिथेच थांबतं. छपाई संपल्यावर थोड्या वेळाने ते आपणहून घरी जातं, हे खरं. पण मी बरेचदा शेवटचं पान हातात पडताच खटका बंद करायचो. म्हणजे कितीतरी रात्री छिद्रं उघडी राहिली आणि शाई त्यांच्यातच वाळली.

दुसरं नुकसान याहून लपलेलं होतं. सकाळी खटका चालू केला की प्रिंटर मिनिटभर घरघर करायचा, त्याला मी 'सुरू होतोय' समजत होतो. प्रत्यक्षात तो स्वतःला धूत होता. माझ्या प्रिंटरची वीज पूर्ण गेली की आपण किती वेळ बंद होतो हे त्याला उमगत नाही, त्यामुळे सावधगिरी म्हणून तो थोडी शाई खेचून छिद्रं साफ करतो. ती शाई कागदावर येत नाही, प्रिंटरच्या पोटातल्या शोषून घेणाऱ्या पॅडमध्ये जाते. त्या पॅडलाही मर्यादा असते. भरलं की प्रिंटर काम थांबवून ते बदलायला सांगतो.

मग मी नक्की किती वीज वाचवत होतो? प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि आकडे वहीत लिहिले. छापताना पंधराच्या आसपास वॅट. छापून झाल्यावर पडदा उजळलेला, प्रिंटर तयार, तेव्हा पाच. स्लीपमध्ये, म्हणजे प्रिंटर आपणहून झोपल्यावर, सव्वा. बटणाने बंद केला तर ०.२. शेवटचा आकडा इतका लहान कसा, याचं उत्तरही मिळालं: बटणाने बंद केलेल्या घरगुती उपकरणाने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये असा युरोपीय संघाचा नियम २०१३ पासून लागू आहे, आणि बरेच उत्पादक जगभर एकच यंत्र विकतात.

एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात, चोवीस तास गुणिले तीनशे पासष्ट. म्हणजे प्रिंटर वर्षभर झोपवून ठेवला तर साधारण अकरा युनिट आणि बटणाने बंद ठेवला तर दोनच्या आत. खटका मारून मी बटणापेक्षा जास्त वाचवत होतो ते वर्षाला दोन युनिटसुद्धा नव्हते. त्यासाठी मी शाई जाळत होतो. खरी उधळपट्टी होते ती प्रिंटर तासन् तास 'तयार' राहण्यात, कारण पाच वॅटचे वर्षाला जवळजवळ चव्वेचाळीस युनिट होतात. झोप लवकर लागणं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, हे मला त्या वहीने शिकवलं.

सेटिंगमध्ये शिरलो तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या आणि मी आजवर त्यांना एकच समजत होतो. एक स्लीप टायमर. यात पडदा आणि मोटारी शांत होतात, पण वायफायचा कान उघडा राहतो. कुणी प्रिंट पाठवली की प्रिंटर उठतो. दुसरा ऑटो पॉवर ऑफ. यात प्रिंटर हेड घरी ठेवून खरोखर बंद होतो आणि माझ्या प्रिंटरला मग वायफायवरून कुणीही उठवू शकत नाही, जाऊन बटणच दाबावं लागतं. मी उत्साहात स्लीप पाच मिनिटांवर आणि ऑटो ऑफ दोन तासांवर ठेवला. दोनच दिवसांत तक्रार आली. मुलीने रात्री तिच्या खोलीतून पानं पाठवली होती, सकाळी घाईत घ्यायला गेली तर ट्रे रिकामा आणि प्रिंटर काळाठिक्कर. तिचं चिडणं मला पटलं. वीज वाचवायला म्हणून केलेली सोय घरच्यांच्या कामाच्या आड येत असेल तर ती सोय नव्हे. ऑटो ऑफ आठ तासांवर नेला. तो शेवटच्या छपाईपासून मोजतो, त्यामुळे संध्याकाळी शेवटचं पान निघालं तर प्रिंटर मध्यरात्र उलटेपर्यंत प्रिंट आली की उठतो आणि पहाटे शिस्तीत हेड झाकून बंद होतो.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते 'ऑफलाइन' या शब्दाने. प्रिंटर समोर झोपलेला, दिवा मंद चालू, आणि संगणक म्हणतो प्रिंटर ऑफलाइन. मी दोष स्लीपला देत होतो आणि एकदा चिडून स्लीप साठ मिनिटांवर नेलासुद्धा. काही फरक पडला नाही. कारण दुसरीकडेच होतं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता देतो, तो कायमचा नसतो. प्रिंटर बराच वेळ बंद राहून पुन्हा सुरू झाला की त्याला कधी कधी नवा पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

प्रिंटरच्या पडद्यावरून नेटवर्कचं पान छापलं, त्यावरचा आयपी पाहिला, संगणकाच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडलं, संगणक प्रिंटरला कुठल्या पत्त्यावर शोधतो ते तिथे दिसतं. दोन्हींत शेवटचा आकडा वेगळा. ती तफावत पाहिली तेव्हा कित्येक महिन्यांचं कोडं एका क्षणात सुटलं. राऊटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, एकच आयपी राखून ठेवला आणि संगणकावर त्याच आयपीचा नवा टीसीपी/आयपी पोर्ट तयार केला. तिथेच कॉन्फिगर पोर्टमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी खूण होती. तिच्यामुळे विंडोज प्रिंटरची विचारपूस करतं आणि झोपेतल्या प्रिंटरने उत्तर दिलं नाही तर त्याला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं. ती खूण काढली. त्या दिवसापासून आजतागायत हा त्रास झालेला नाही. कुणाला प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर स्लीपला हात लावण्याआधी हे दोन आयपी शेजारी ठेवून बघा, एवढं कळकळीने सांगेन.

तोच आयपी ब्राउझरमध्ये टाकला तर प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, हेही तेव्हाच कळलं. दोन इंचांच्या पडद्यावर बाणाची बटणं दाबत बसण्यापेक्षा स्लीप, ऑटो ऑफ, आवाज कमी करणारा क्वाएट मोड सगळं तिथून निवांत बदलता येतं.

हे सगळं भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मीही असंच करतो. पण त्याच्याकडे लेझर प्रिंटर आहे आणि तिथलं गणित निराळं. त्यात वाळायला शाईच नाही, टोनर म्हणजे कोरडी पूड. ती कागदावर वितळवून चिकटवणारा फ्यूजर मात्र दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि 'तयार' असताना त्याला गरम ठेवण्यातच वीज जाते. स्लीपमध्ये ती तापवणूक थांबते. म्हणून लेझरला स्लीप जितका लवकर तितका चांगला, पहिलं पान काही सेकंद उशिरा येईल एवढंच. छापून झाल्या झाल्या खटका त्यालाही मारू नये, पंखा आतली ऊब बाहेर काढत असतो. आणि त्याने तो यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला लावला होता, तो आधी काढायला लावला. फ्यूजर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की घरगुती यूपीएसला ती झेपत नाही.

माझ्याकडे आता स्लीप पाच मिनिटं, ऑटो ऑफ आठ तास, आणि शाई वाळू नये म्हणून आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान. परगावी जाताना बटणाने बंद करतो, दिवा पूर्ण विझेपर्यंत उभा राहतो आणि मगच खटका बंद.

मध्ये एकदा फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं आणि स्लीप गुपचूप मूळच्या आकड्यावर गेला. ते मला पंधरा दिवसांनी, वहीत मीटरचे आकडे लिहिताना लक्षात आलं. त्यानंतर सेटिंगचं पान छापून, त्यावर पेनने माझे आकडे लिहून ते मागच्या कागदाच्या ट्रेच्या पाठीला चिकटवलं आहे. कागद भरताना ते समोर येतं.