बोली, हातोडा आणि छापील बोगनवेल

साहेब दुकानात शिरले ते काखेत फाईल मारून. चित्रं मागून ड्रायव्हर आणत होता, एक लांब नळकांडं आणि एक चपटं खोकं. "आधी हे वाचा," म्हणाले, आणि सोनेरी शिक्क्याचं जाड सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं. चित्राआधी कागद! प्लॉटचा व्यवहार असता तर मला काही वाटलं नसतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, साहेबांची शिरोलीला फौंड्री. त्यांच्या देवघरातल्या अंबाबाईपासून नातवाच्या बारशापर्यंत सगळ्या फ्रेमा आमच्याकडच्या. मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं आईवडिलांना फ्लोरिडाहून निघणाऱ्या क्रूझवर नेलं, आणि जहाजावरच्या लिलावात ह्यांनी दोन चित्रं घेतली: एक कॅनव्हास, एक साल्वादोर डाली ह्या नामवंत स्पॅनिश चित्रकाराच्या नावाचा प्रिंट. तिसरं छोटं होतं. "ते फुकट दिलं हो, नुसतं बसलो म्हणून," साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या.

"पट्टी एक नंबर लावा," साहेब म्हणाले. "काच इंपोर्टेड. दोन-पाच हजारांकडं बघू नका."

नळकांड्यातून कॅनव्हास काढून टेबलावर पसरला. समुद्रकाठचं गाव, पांढऱ्या भिंती, बोगनवेल, कॅफेच्या लाल छत्र्या. चित्र वाईट नव्हतं, उजेड छान पकडला होता. पण स्ट्रेचरवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं म्हटल्यावर मी आधी कडा बघतो. इथे चारही बाजूंना रंग पट्टी लावून कापल्यासारखा सरळ थांबला होता आणि पुढे कोरी पांढरी किनार. हातानं रंगवणाऱ्याचा ब्रश असा शिस्तीत कधी थांबत नाही. भिंग लावलं. बोगनवेलीत निळसर, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके फवारल्यासारखे पसरले होते. वर पारदर्शक जेलचे फटकारे होते, पण तेही पाकळ्यांचा आकार सोडून भलतीकडेच चाललेले. छत्र्यांवर मात्र चार-दोन ठिकाणी खरा रंग लावला होता.

"साहेब, हा प्रिंट आहे."

"काय बोलताय राव! हात लावून बघा, रंग वर आलाय."

मूळ चित्राचा मोठा फोटो काढायचा, तो उत्तम इंकजेट मशीनवर कॅनव्हासवर छापायचा, वर जेल फिरवायचं आणि काही जागी हातानं रंग द्यायचा. त्याला म्हणतात हँड-एम्बेलिश्ड जिक्ले. सर्टिफिकेटवर नेमकं तेच छापलं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. ह्या धंद्याची खुबी मला तिथेच दिसली. कागद खरं बोलतो, आणि ऐकणारा त्यातला फक्त चित्रकाराच्या सहीचा भाग ऐकतो.

काकूंनी तेवढ्यात मोबाईल काढला. जहाजावर त्याच चित्राशेजारी उभ्या असलेल्या त्यांचा फोटो होता. तो मोठा करून त्या कॅनव्हासवर वाकल्या. "ह्या छत्रीवर तिथं दोन पांढरे फटकारे होते. हितं एकच आहे." प्रतीचा नंबर बघितला तर तोही वेगळा. मग मी बिल उलटं केलं. मागच्या बारीक अक्षरांत सगळं होतं: प्रदर्शनातली प्रत न देता गोदामातून त्याच आवृत्तीतली दुसरी पाठवली जाऊ शकते, विक्री अंतिम आहे, आणि तोंडी काहीही सांगितलं असलं तरी ह्या बिलातलंच धरलं जाईल. साहेबांनी पहिल्याच दिवशी क्रेडिट कार्ड देऊन नावनोंदणी केली, तेव्हा ह्याच अटींवर सही केली होती.

चहा मागवला. साहेब सांगत गेले तसं चित्र स्पष्ट होत गेलं. जहाज बंदराला लागत नाही तो अख्खा दिवस समुद्रात. करायला काही नाही. लाउंजमध्ये स्टँडवर चित्रं मांडलेली, ट्रेमधून शँपेन फिरतेय, पैसे नाहीत. लिलाव करणारा तरुण, सुटाबुटातला, प्रत्येक चित्रकाराची गोष्ट सांगणारा. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला भेटला तर नावानिशी हाक मारली. तो कमिशनवर असतो आणि जहाज कंपनीलाही विक्रीत वाटा मिळतो, हे त्या हाकेत ऐकू येत नाही. कॅनव्हासची बोली २,२०० डॉलरला मिटली. वर खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाववाले घेतात ते जादा शुल्क, आणि पाठवणीचा खर्च वेगळा. अप्रेझलच्या, म्हणजे मूल्यांकनाच्या, कागदावर किंमत ४,८०० डॉलर.

"म्हणजे निम्म्यात मिळालं की," साहेब म्हणाले.

अप्रेझल कुणाचं? विकणाऱ्याचंच. आणि तो आकडा विम्यासाठीचा, म्हणजे वस्तू हरवली तर दुकानातून पुन्हा घ्यायला काय पडेल तो. विकायला गेलं तर काय येईल ह्याच्याशी त्याचा संबंध नाही.

"तुमच्यावर बोली कुणी चढवत होतं?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "पहिल्यांदा एकानं हात वर केला. मग कुणी नाही."

"नंतर त्याला तेच चित्र मिळालं?"

"व्हय की. त्यालाही मिळालं. अजून दोघांना."

आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून बघतात, जिभेवर ठेवतात, आणि जो बोली जिंकतो त्यालाच तो माल जातो. एकाच वस्तूवर चौघे जिंकले तर तो लिलाव कसला? ते दुकान झालं, हातोडा ठेवलेलं. आवृत्ती मर्यादित म्हणावी तर कॅनव्हासवरची एक, कागदावरची दुसरी, शिवाय चित्रकाराच्या राखीव प्रती, आणि त्याच माळेतली चित्रं त्याच आठवड्यात दुसऱ्या जहाजांवरही निघतात. दुर्मिळपणा यायचा कुठून?

फाईलमध्ये कुरिअरचा कागदही होता. कस्टम्सच्या वर्गवारीत हातानं रंगवलेलं चित्र वेगळं, कलावंतानं स्वतःच्या हातानं केलेल्या प्लेटवरून काढलेला प्रिंट वेगळा, आणि यंत्रानं छापलेलं त्या दोन्हींत बसत नाही. भरणाऱ्यानं सरळ 'छापील चित्र' असं भरलं होतं. अख्ख्या फाईलमध्ये आडपडदा नसलेला तेवढा एकच कागद.

डालीचं प्रकरण अवघड. खाली पेन्सिलीची सही होती आणि साहेबांचा सगळा भरवसा तिच्यावर. पण १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टम्सनं एक ट्रक अडवला, तर आत डालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद निघाले. सही खरी, वर काय छापलं जाणार ते दुसऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे डालीच्या बाबतीत सही बघून काही ठरत नाही. कागद, छपाईची पद्धत, आवृत्तीची नोंद, हे सगळं डालीच्या प्रिंटचा जाणकार तपासतो, तोही विकणाऱ्याशी संबंध नसलेला. मी फ्रेमवाला, खरंखोटं ठरवणारा नाही. तेवढं होईपर्यंत महागडी काच लावू नका, इतकंच सांगितलं.

हा माणूस भंगाराच्या भावात किलोमागं पन्नास पैशांसाठी तासभर भांडतो. त्याला लुटलं म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनात वर्षभर प्रदर्शनं असतात. रंकाळ्याची, पन्हाळ्याची, हातानं केलेली जलरंगातली चित्रं, ह्या कॅनव्हासच्या कितीतरी कमी किमतीत. साहेब तिथे दीपप्रज्वलनाला गेलेत. पण कुणी त्यांना खुर्ची देऊन, हे चित्र असं बघा, म्हणून सांगितलं नाही. चित्रकार आबालाल रहमानांचं शहर हे, चित्रं आपल्या रक्तात आहेत म्हणून आपण छाती काढतो, आणि गिऱ्हाईक आलं की चित्रकार कोपऱ्यात मित्रांशी बोलत राहतो. किंमत विचारली तर जणू अपमान झाला. जहाजावर त्या पोरानं दोन दिवस ह्यांना रसिक म्हणून वागवलं. २,२०० डॉलरमधले बरेचसे त्या वागणुकीचे होते.

"मग हे टाकून द्यायचं काय?" काकूंनी विचारलं.

टाकायचं कशाला? कॅनव्हास साध्या लाकडी पट्टीत ताणला, काच न लावता. कॅनव्हासला ती लागतही नाही, त्यामुळे साहेबांचे काचेचे पैसे वाचले. मागे लिफाफा चिकटवून त्यात बिलाची प्रत घातली. सर्टिफिकेटही फ्रेम करून शेजारी लावायचा साहेबांचा बेत होता, तो काकूंनी हाणून पाडला. डाली फाईलसकट कपाटात गेला. फुकटातलं छोटं काकूंनी स्वयंपाकघरात लावलंय.

कॅनव्हास हॉलमध्ये आहे आणि दिसतोही झकास. पाहुणे किंमत विचारतात तेव्हा साहेब विषय बदलतात. काकू आकडा सांगतात.