चार बोटांची फट

दारातच काकांच्या मुलीने मला थांबवले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फ्लॅश नको, मोठा दिवाही नको. बाबांना उजेड सोसत नाही." डोळ्यांच्या आतल्या दाहामुळे त्यांचे डोळे इतके हळवे झाले होते की, गेले काही आठवडे ते पडदे ओढलेल्या खोलीतच बसत असत. त्यांच्या निवडक कामाची एक लहानशी पुस्तिका निघणार होती आणि तिच्या पहिल्या पानासाठी त्यांचे व्यक्तिचित्र मला टिपायचे होते. त्यासाठी आणलेले दोन फ्लॅश, सॉफ्टबॉक्स आणि रिफ्लेक्टर मी गाडीतून बाहेर काढलेच नाहीत. ट्रायपॉड, डिजिटल कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स आणि पिशवीत सवयीने ठेवलेला जुना फिल्म कॅमेरा एवढेच घेऊन मी आत गेले.

काका आयुष्यभर डार्करूममध्ये काम केलेले गृहस्थ होते. इतरांनी काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्हवरून प्रिंट काढणे हा त्यांचा व्यवसाय, आणि तो त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे सेफलाइटच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर परिणाम न करणाऱ्या दिव्याच्या, तांबड्या उजेडात केला होता. त्या दिवशी खोलीत उजेड होता तो खिडकीच्या पडद्यातून सुटलेल्या चार बोटांच्या फटीचा. ती फट रुंद करण्याची परवानगी मी मागितली नाही. खुर्ची खिडकीशी काटकोनात आणवली, जेणेकरून उजेड त्यांच्या डोळ्यांत थेट न जाता उजव्या गालावरून आणि कपाळावरून सरकत जाईल. डाव्या बाजूची भिंत पांढरी होती आणि तिच्यावरून परतणारा उजेड सावल्या विरघळवून टाकत होता, म्हणून तिथे मी काळे कापड टांगले. असल्या अंधाऱ्या खोलीत उजेड आणखी कमी करायला निघालेली ही बाई कोण, असा प्रश्न मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण व्यक्तिचित्रातला भाव उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे संपतो यावर अधिक ठरतो, असे मला मनापासून वाटते. सगळीकडे सारखाच मंद उजेड असेल तर चित्र केवळ मरगळलेले दिसते. चेहऱ्याची एक बाजू पुरती अंधारात गेली, की उरलेल्या बाजूला बोलावे लागते.

पहिल्या वीस मिनिटांत मी जी चूक केली ती सविस्तर सांगायला हवी, कारण ती मी आधीही केली होती आणि अनेकांना करताना पाहिली आहे. फोटो हलेल या भीतीने मी शटर १/१२५ सेकंदावर ठेवले, फोकस चुकेल या भीतीने लेन्सचे छिद्र एफ २.८ वर ठेवले (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), आणि आयएसओ, म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, ३२०० च्या वर न्यायचा नाही असे ठरवून बसले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो थोडे गडद पण छान वाटत होते. अंधाऱ्या खोलीत तो पडदा नेहमीच फसवतो, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो आहे त्याहून उजळ भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या छटांचा गडदपासून उजळपर्यंतचा आलेख, उघडून पाहिला तेव्हा सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला होता. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन एक रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल तीन स्टॉप उजळ करून पाहिली; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, तीन म्हणजे आठपट. गालाच्या सावलीत हिरवे-जांभळे डाग उठले होते आणि काळ्या कापडावर आडव्या पट्ट्या उमटल्या होत्या. ज्यांच्या हातून आयुष्यभर स्वच्छ काळा रंग निघाला, त्यांच्या खांद्यामागे मी चिखल मांडला होता.

आयएसओ वाढवला की नॉइज, म्हणजे फोटोतला असा दाणेदार खडबडीतपणा, येतो, असे आपण सर्रास म्हणतो. पण नॉइजचे मूळ बहुतांशी उजेडाच्या तुटवड्यात असते. उजेड कणाकणाने येतो. पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडतात तेव्हा एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर तीन असे काहीही घडते; पाऊस लागून राहिला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० कण पडले, तर त्या आकड्यात १० च्या आसपास चढउतार निसर्गतःच होतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का. मी शटर आणि छिद्र यांच्यापायी चेहऱ्याला आठपट कमी उजेड दिला होता आणि तो नंतर संगणकावर वाढवू पाहत होते. वाढत होता तो फक्त तुटवडा.

मी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, छिद्र एफ २ केले, शटर १/३० वर आणले आणि आयएसओ ३२०० च राहू दिला. उजेड मोजणारे मीटर संपूर्ण खोलीवर न सोडता स्पॉटवर, म्हणजे एका लहान जागेपुरते, घेतले आणि उजळ गालावरून मोजून तो गाल मध्यम राखाडीच्या अर्धा स्टॉप खाली ठेवला. दीड मीटरवरून एफ २ ला फोकसची खोली जेमतेम चार सेंटिमीटर मिळते, म्हणजे डोळा स्पष्ट असेल तर कान विरघळणारच. काकांना मी म्हटले, "श्वास सोडून झाला की क्षणभर तसेच राहा." ते म्हणाले, "एन्लार्जरचं शटर उघडलं की आम्हीही श्वास धरत असू. टेबल हलायचं नाही तेवढ्यात." एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हमधून उजेड सोडून कागदावर मोठे चित्र पाडणारे यंत्र.

आता फाइल पाहिली, तर आयएसओ तोच असूनही फोटो निराळाच होता. गालावर बारीक, एकसारखा रवा दिसत होता आणि सावल्या काळ्या, शांत होत्या. माझे काम तिथे संपले असते तरी कोणाची तक्रार नव्हती.

मी तो फोटो पडद्याचा उजेड अगदी कमी करून काकांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, दूर धरला, आणि विचारले, "याचा ग्रेन कुठाय?" ग्रेन म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या कणांचा दिसणारा दाणा. मी तो रवा दाखवू लागले. त्यांनी मान हलवली. "हा सावलीत जास्त आहे आणि उजेडात कमी. ग्रेन असा नसतो."

त्यांचे म्हणणे नेमके होते. डिजिटल नॉइज सावल्यांत सर्वांत जास्त जाणवतो, कारण तिथेच उजेड कमी पोहोचलेला असतो. फिल्मचे उलट आहे. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे उमटतात; सावलीच्या जागी फारशी चांदी साठतच नाही, त्यामुळे प्रिंटमधला गर्द काळा जवळजवळ निष्कलंक राहतो आणि ग्रेन दिसतो तो मधल्या राखाडी छटांत, म्हणजे गालावर, मनगटावर, कपाळाच्या उतारावर. चेहरा जिथे उजेडातून अंधारात उतरतो, नेमका तिथेच तो दाट होतो. भाव ग्रेनमधून का पोहोचतो याचे माझ्यापुरते उत्तर मला त्या एका वाक्यात मिळाले, आणि आजवर डिजिटल फोटोवर सरसकट ग्रेन पसरताना मी काळ्यातही तो का ओतत होते, याची खंतही वाटली.

मग काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रिंट काढताना ते एन्लार्जरखाली भिंग ठेवून फोकस लावत, आणि तो फोकस चेहऱ्यावर लावत नसत, ग्रेनवर लावत. "फोटोग्राफरचा हात हलला असेल, डोळे धूसर आले असतील, तरी ग्रेन मात्र धारदार असतो. तो धारदार आला की प्रिंट बरोबर."

फिल्म कॅमेऱ्यात इलफर्ड एचपी५ प्लसचा रोल होता. ४०० गतीची, म्हणजे आयएसओ ४०० ची, ही फिल्म ३२०० समजून टिपायची म्हणजे तीन स्टॉप पुश करायची. त्यात फिल्मची संवेदनशीलता खरोखर वाढत नाही. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, ती जास्त वेळ ठेवल्याने मधल्या आणि उजळ छटा वर येतात, सावल्यांतला तपशील मात्र गेला तो गेलाच. कॉन्ट्रास्ट चढतो, ग्रेन ठसठशीत होतो. लग्नसमारंभात हा सौदा मी कधीच केला नसता. इथे सावल्यांत मला काही ठेवायचेच नव्हते. तीच लेन्स, तेच १/३०, तेच एफ २.

बोलण्याच्या ओघात मुलीने आतले दार उघडले आणि उजेडाची एक तिरीप काकांच्या तोंडावर आली. त्यांनी उजवा हात झटकन डोळ्यांपुढे धरला. बोटे किंचित विलग होती आणि तर्जनी व मधले बोट यांच्यातून उजेडाची एक पट्टी भुवईवरून गालावर उतरली होती. दार लगेच मिटले, पण हात तसाच राहिला. त्या हाताचा घाट मी ओळखला. प्रिंटचा एखादा कोपरा गडद करायचा असेल, तर डार्करूममध्ये बाकीचा उजेड अडवून बोटांच्या फटीतून तेवढ्याच जागी तो सोडतात. त्यांचा हात चाळीस वर्षे जे करत आला होता, तेच आता स्वतःच्या डोळ्यांसाठी करत होता. मी श्वास सोडायलाही सांगितले नाही. तीन फ्रेम मिळाल्या.

घरी आल्यावर रोल मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर १६ मिनिटे धुतला. दरम्यान, सहकाऱ्याने मदत म्हणून डिजिटल फाइलमधला सगळा नॉइज सॉफ्टवेअरने काढून पाठवला होता. त्वचा मेणासारखी गुळगुळीत आणि मागचा अंधार रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट झाला होता. रंगांचे डाग काढणे योग्यच, ते मीही काढते; पण छटेचा रवा गेला की अंधाराला पोत उरत नाही आणि पाहणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. त्या फाइलमधले वय गेले होते, आणि खोलीही गेली होती.

निगेटिव्हवर दुसरी फ्रेम उत्तम होती. हात स्थिर, पापणी अर्धी मिटलेली, डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका. तो ठिपका नसता तर डोळा निर्जीव वाटला असता. आधी ८ बाय १० इंचाचा प्रिंट काढला, पण त्यात ग्रेन इतका बारीक पडला की तो केवळ धूसरपणा वाटला. १२ बाय १६ ला तो मोकळा झाला, गालावर वाळूसारखा दिसू लागला, तरी दोन पावले मागे सरकल्यावर चेहरा एकसंध राहत होता. कागद मॅट घेतला, कारण चकचकीत कागदावर पाहणाऱ्याला आपल्याच खिडकीचे प्रतिबिंब दिसले असते.

तो प्रिंट घेऊन मी पुन्हा त्या खोलीत गेले. काकांनी तो मांडीवर ठेवला, चार बोटांच्या फटीकडे तिरका केला आणि बराच वेळ पाहत राहिले. स्वतःच्या चेहऱ्याविषयी ते काही बोलले नाहीत. भिंग मागवून त्यांनी मनगटाजवळचा ग्रेन तपासला आणि समाधानाने हुंकार दिला. मग अंगठा डाव्या खांद्यावर टेकवून म्हणाले, "हा खांदा अजून उजळ आहे, गडद कर. चित्रातल्या हाताला दिलेला वेळ धरून वर सहा सेकंद दे. काठ दिसू देऊ नकोस, हात हलता ठेव."

त्या रात्री मी खांद्याला सहा सेकंद दिले. काठ दिसला. तिसऱ्या कागदावर, हात हलता ठेवून, तो नाहीसा झाला, आणि पुस्तिकेत तोच प्रिंट गेला.