एकांच्या ओळी: सातापासून अकरापर्यंत

फक्त १ हा आकडा ओळीने लिहून होणाऱ्या संख्या मूळ आहेत का, आणि नसल्या तर त्यांचे अवयव कोणते, हे मी हाताने शोधतोय. मागच्या नोंदीत पाच एकांपर्यंत आलो होतो. ११ मूळ, १११ म्हणजे ३ × ३७, ११११ म्हणजे ११ × १०१, आणि १११११ म्हणजे ४१ × २७१. सहा एकांवर फार वेळ गेला नाही. ओळीची लांबीच संयुक्त असेल तर ओळही संयुक्तच असते, कारण १११,१११ मध्ये १११ चे दोन गट सरळ डोळ्यांना दिसतात. खरा कस लागतो तो लांबी मूळ असते तेव्हा: ७, ११, १३, १७, १९. लांबी मूळ आहे म्हणून ओळही मूळ असेल असं मात्र नाही, हे १११ नेच दाखवून दिलंय.

या ओळींचा नाद मला कापरेकरांमुळे लागला. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता आयुष्यभर आकड्यांत रमलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ज्यांना डेम्लो संख्या म्हणत, त्यांतल्या सगळ्यात देखण्या संख्या याच ओळींचे वर्ग आहेत. १११११ चा वर्ग १२३४५४३२१. इतकी सुबक संख्या, आणि आत ४१ व २७१ दोन-दोनदा बसलेले! ते दिसल्यापासून प्रत्येक ओळ फोडून बघितल्याशिवाय राहवत नाही.

आता सात एक. ११,११,१११ चं वर्गमूळ १०५४ च्या आसपास येतं. सरधोपट जायचं तर १०५४ पर्यंतच्या १७७ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण इथे दोन चाळण्या लावता येतात, आणि दुसरी मला या खेपेला नव्याने उमगली.

पहिली फर्माच्या छोट्या सिद्धांतावरून येते: मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या संख्येचा, त्या मूळ संख्येपेक्षा एकने लहान असलेला घात घेतला, तर भागल्यावर बाकी १ उरते, आणि बाकी पहिल्यांदा १ येते तो घात त्या एकने लहान संख्येला नेहमी पूर्ण भागतो. एखाद्या मूळ संख्येने सात एकांना भाग गेला, तर सात नवांनाही जातो. म्हणजे १० च्या सातव्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरते. सातापेक्षा लहान घाताला ती बाकी आधीच १ आली असेल, तर ७ मूळ असल्यामुळे तो घात पहिलाच असणार. मग ती मूळ संख्या ३ ठरते, आणि ३ ने इथे भाग जात नाही. म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की जे उरतं, ते ७ च्या पटीत असलंच पाहिजे. ते समही असतं, म्हणून १४ च्या पटीत. उरले २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९ आणि पुढचे.

दुसरी चाळणी अशी. १० च्या सातव्या घाताची बाकी १, तर आठव्या घाताची बाकी १०. पण आठवा घात म्हणजे दहा हजारांचा वर्ग! म्हणजे १० ही कुठल्या तरी वर्गाची बाकी आहे. गाउसच्या वर्गव्यस्ततेच्या नियमाने हे तेव्हाच जमतं, जेव्हा त्या मूळ संख्येला ४० ने भागून १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ यांपैकी बाकी उरते. या अटीत २९, ११३, १२७ आणि २११ गळाले. २३९ पर्यंत भागायला राहिले फक्त ४३, ७१, १९७ आणि २३९.

भागाकारही पूर्ण मांडायची गरज नाही. बाकी घ्यायची, दहापट करायची, एक मिळवायचा, पुन्हा बाकी. २३९ साठी माझ्या वहीतली ओळ अशी: १, ११, १११, १५५, ११७, २१५, ०. त्या शेवटच्या शून्यावर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. २१५ ची दहापट अधिक एक म्हणजे २१५१, आणि २३९ नवे २१५१. बरोबर सातव्या पायरीला.

तेव्हा ११,११,१११ = २३९ × ४६४९. ४६४९ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ६८ च्या आसपास, आणि तिचे अवयवही १४ च्या पटीत एक मिळवून आलेलेच असणार. त्या हद्दीत येतात फक्त २९ आणि ४३. पैकी २९ दुसऱ्या चाळणीत गळाला, ४३ ने भाग गेला नाही. म्हणजे एकही नवा भागाकार न करता ४६४९ मूळ ठरते. मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं: संयुक्त ठरवायला एक अवयव हाती लागला की पुरे, पण मूळ ठरवायची तर एकूण एक उमेदवार बाद करावा लागतो, आणि तो न भागताही बाद करता येतो.

दशांशांतही हेच दिसतं. १/२३९ = ०.००४१८४१ ००४१८४१… सात आकड्यांचं आवर्तन. असं सातआकडी आवर्तन असलेल्या मूळ संख्या दोनच, २३९ आणि ४६४९. पाय (π) या स्थिरांकाची किंमत हाताने काढणाऱ्या विल्यम शँक्सने १८७४ मध्ये २०,००० च्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येच्या आवर्तनाची लांबी प्रसिद्ध केली होती. अकरा एकांचे अवयव, म्हणजे अकराआकडी आवर्तन असलेल्या मूळ संख्या, आहेत २१६४९ आणि ५१३२३९, म्हणजे धाकटा अवयवसुद्धा त्या यादीच्या जेमतेम बाहेर!

अकरा एकांचं काम सध्या चालू आहे. उत्तर माहीत असलं तरी २१६४९ च्या आधी दुसरा कोणी नाही, हे मला स्वतः बघायचंय. इथे २२ च्या पटीत एक मिळवायचा. २३ लगेच गळतो, मग ६७, ८९, १९९, ३९७ अशी रांग लागते. ६७ ची बाकी १८ उरली. दोन्ही चाळण्या लावूनही शंभराच्या वर उमेदवार राहतात, पण एकेकाला अकराच पायऱ्या, तेव्हा हे वहीवर होण्याजोगं आहे.

एकोणीस एकांचं तसं नाही. ती ओळ मूळ आहे, आणि तिचं वर्गमूळ शंभर कोटींच्या पुढे जातं. तेवीस एकही मूळ. त्यानंतर थेट ३१७ आणि १०३१. यांतल्या १०३१ एकांची सिद्धता विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ मध्ये दिली. ४९०८१ एकांची ओळ मूळ असावी, असं डब्नरला १९९९ मध्ये आढळलं. सिद्धता यायला २०२२ उजाडलं.

तेरा एकांची पहिली पानं आत्ताच भरून ठेवली आहेत. ५३ आणि ७९ झटक्यात निघाले. उरते २६,५३,७१,६५३, आणि ती मूळ आहे हे पटवून घ्यायला २६ च्या पटीत एक मिळवत १६,२९० पर्यंत जावं लागेल. अकरा एक संपले की तिथूनच पुढे.