करड्या माशांनी अडवलेली परीक्षा

अंदमानात प्रवाळावरच्या माशांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून उतरायचं, तर मी ज्या संस्थेमार्फत गेले तिथे आधी ओळखपरीक्षा द्यावी लागते. पडद्यावर फोटो येतो, काही सेकंदांत माशाचं कूळ लिहायचं. जात नको, फक्त कूळ. तयारीला एक पीडीएफ मिळते आणि तिची पहिलीच सूचना: पाठीवरच्या परातले (म्हणजे फिनमधले) काटे मोजा. पोहणाऱ्या माशाचे! तो काय आपल्यासाठी थांबून पर उभारणार आहे?

देखणी कुळं पटकन बसली. बटरफ्लाय आणि एंजल दोन्ही ताटलीसारखे चपटे, पण एंजलच्या कल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात मागे वळलेला काटा असतो. सर्जनच्या शेपटीच्या बुंध्याशी धारदार पातं. पॅरटचे दात जुळून चोच झालेली, रास माशाचे सुटे आणि पुढे आलेले. दोघंही छातीचे पर वल्हवत पोहतात. गोटफिशच्या हनुवटीला दोन मिशा. ही मंडळी चुकायची म्हटलं तरी चुकत नाहीत.

अडलं ते करड्या माशांपाशी. स्नॅपर, एम्परर, स्वीटलिप्स, ब्रीम. पीडीएफमध्ये सगळे एकाच पानावर, सगळे एकाच अंगाने काढलेले, आणि खाली वर्णन काय तर 'लांबट शरीर, पाठीवर सलग पर'. अहो, ते चौघांनाही लागू आहे! मी समन्वयकांना मेल केला. उत्तर आलं, 'कृपया मार्गदर्शिका पाहावी.' पाहूनच तर विचारत होते. निकालात शेरा आला, 'पुन्हा बसा', आणि पुन्हा म्हणजे पुढची तुकडी, म्हणजे पावसाळा संपल्यावर. राग अजून गेलेला नाही.

त्यात फोटोंची गंमत वेगळीच. सगळे फ्लॅश मारून काढलेले, त्यामुळे स्नॅपर लालबुंद. पाण्यात जसजसं खाली जावं तसा लाल रंग आधी मरतो. तोच मासा दहा-बारा मीटरवर मातकट दिसतो. म्हणजे परीक्षेत जो रंग पाठ करायचा, तो मोजणी करताना दिसतच नाही.

वाट सापडली ती पोर्ट ब्लेअरच्या मासळी बाजारात (आता श्री विजयपुरम म्हणायचं). परतीच्या विमानाला वेळ होता, म्हणून शिरले. फळीवर स्नॅपर आणि एम्परर शेजारी-शेजारी पडलेले, रंग उडालेले, दोन्ही तितकेच मळकट. मला तेच हवं होतं. डोळ्याच्या खाली, कल्ल्याच्या झाकणाच्या अलीकडे जो गाल असतो, तिथे अंगठा फिरवला. स्नॅपरच्या गालावर खवले बोटाला लागले. एम्पररचा गाल उघडा, गुळगुळीत, नुसती कातडी. दोन्ही मासे मी इतक्यांदा उलटसुलट केले की विकणारी बाई म्हणाली, 'दीदी, लेना है तो लो, मालिश मत करो.' एक घेतला. गेस्ट हाउसच्या आचाऱ्याने तळून दिला. एम्पररच होता.

ही खूण हाती आल्यावर बाकीचं आपोआप सुटत गेलं. एम्पररचं तोंड लांबट आणि डोळा बराच वर. स्नॅपरचा जबडा मोठा, पुढे सुळे. स्वीटलिप्सचं तोंड लहान, ओठ जाड, सुळे नाहीत. प्रवाळावरच्या मोनोकल ब्रीमच्या डोळ्याखाली मागे वळलेला बारीक काटा असतो. हा आपल्या राणी माशाच्या कुळातला. गोबरा (ग्रुपर) तसा वेगळा कळतो, तळाशी टेकून बसतो आणि शेपटी बहुधा गोल. तरी शंका आली, तर मिटलेल्या तोंडाकडे बघा: गोबऱ्याच्या वरच्या जबड्याचं मागचं टोक उघडं दिसतं, स्नॅपरचं गालाच्या हाडाखाली सरकतं. हे एवढं त्या पीडीएफमध्ये चार ओळींत बसलं असतं.

पावसाळाभर घरी बसून फोटो कृष्णधवल करून बघितले. हा उपाय कोणाला सुचवलात तर माझं नाव सांगा. रंग काढून टाकला की डोळा आपोआप तोंडाकडे, गालाकडे, शेपटीच्या आकाराकडे जातो. दुसऱ्या वेळी करड्या माशांचे फोटो आले तेव्हा मी वेळ संपायच्या आत लिहून पेन खाली ठेवलं, आणि शेजारचा मुलगा पर मोजत होता.

हो, एक राहिलंच. मूरिश आयडल बटरफ्लायच्या घोळक्यात टाकू नका. लांब झुलता पर आणि पट्टे बघून बटरफ्लायच्या कुळातला बॅनरफिशच वाटतो, पण त्याचं कूळ स्वतंत्र आणि नातं सर्जनशी जवळचं. शेपटी काळी दिसली की तो आयडल; बॅनरफिशची पिवळी किंवा पांढरी. आणि पिवळ्या अंगावर निळे पट्टे असलेल्या स्नॅपरच्या थव्यात पिवळे गोटफिश मिसळलेले असतात, मिशा दुमडून. तिथे पाठ बघा: गोटफिशचे पाठीवरचे पर दोन, वेगवेगळे, स्नॅपरचा एकच सलग. पाण्यात पाटीवर नाव लिहीत बसण्यापेक्षा आकार काढा, नाव बोटीवर आल्यावर.

प्रमाणपत्र 'प्रक्रियेत आहे' असं कळलं आहे.