वाकडी मेर सरळ करताना

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं शेत. दोघे चुलत भाऊ, मधली मेर, म्हणजे बांध, एका जागी कोनात मोडलेली. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाची, नांगरणी तोंडावर आली होती आणि त्या मोडीत पॉवर टिलर वळत नव्हता. मेर सरळ हवी, पण हातभर जमीनही इकडची तिकडे जाता नये, ही दोघांची अट. मी खासगी सर्वेअर. असं काम आलं की मला आनंद होतो, कारण प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या पुस्तकातलं ३७वं प्रमेय इथे चिखलात उतरतं: एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेल्या त्रिकोणांचं क्षेत्रफळ सारखं असतं.

ओहोळाकडचं टोक अ, मोडीची जागा ब, मेर रस्त्याला लागते ते टोक क. अ ते क दोरी ताणली, ४० मीटर भरली. ब तिच्यापासून ६ मीटरवर. ३-४-५च्या मापाने काटकोन साधून ब मधून समांतर दोरी नेली. ती रस्त्याच्या कडेला भिडली तिथे ड चा खुंट ठोकला. अ ते ड ही नवी मेर.

दोघांतले थोरले, ज्यांना मी काका म्हणतो, ते बिथरले. "अरे, हा केवढा सुळका माझ्या शेतात शिरला! आधीचा तुकडा एवढासा होता."

जुना तुकडा अबक, नवा अडक; पाया गुणिले उंचीचं निम्मं, दोन्ही त्रिकोण १२० चौरस मीटर, हे मी सांगून पाहिलं. सूत्र त्यांनी शाळेत घोकलेलं होतं. पण घोकलेल्या सूत्रावर वाडवडिलांची जमीन कोण सोडेल? त्यांनी टेप घेतला आणि दोन्ही त्रिकोणांचा घेर मोजला. जुन्याचा ८२ मीटरच्या आत, नव्याचा जवळजवळ ९५. त्यांचा संशय पक्का झाला, आणि तो रास्तच होता. घेर वाढला की जागा वाढते, असंच डोळ्यांना वाटतं.

"काका, घेर नको, तास मोजूया," मी म्हटलं. तास म्हणजे नांगराने पडणारी सरी. अ-क दोरीला समांतर नांगर धरला तर दोन्ही तुकड्यांत तास किती लांब पडेल? दीड मीटरवर दोन्हीकडे ३०. तीन मीटरवर २० आणि २०. साडेचारवर १० आणि १०. टेपचं टोक त्यांच्याच हातात होतं. नव्या तुकड्यातला प्रत्येक तास रस्त्याच्या बाजूला सरकलेला, पण लांबी तीच. मधे कुठेही मोजा, फरक नाही.

"म्हणजे नांगरणी तेवढीच," काका म्हणाले. "बियाणंही तेवढंच."

हीच सिद्धता, आणि माझ्या सूत्रापेक्षा नेटकी. खुंट कायम झाले. सरकारी नकाशावर बदल चढवायला अर्ज वेगळा करावा लागणार होता, तो दोघांनी मिळून करायचं ठरवलं.

निघताना काकांनी पलीकडची मेर दाखवली. तिला दोन मोडी. रस्त्याजवळची आधी काढायची, म्हणजे एकच उरते; मग तीही याच रीतीने. मोडी कितीही असोत, एकेक करून सगळ्या निघतात.