भट्टी माझी, जागरण सगळ्यांचं

मातीकामातले बरेचसे प्रश्न सवडीने सुटतात. माती किती मळायची, कपाला कान कधी जोडायचा, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) किती दाट ठेवायचं, यासाठी पुस्तक उघडता येतं, व्हिडिओ बघता येतो, नाहीतर उद्या पुन्हा करून बघता येतं. भट्टीचं तसं नाही. रात्री साडेनऊला आत १२०० अंश होत आलेले असतात, आकडा जागचा हलत नाही, गॅस जळतोच आहे, आणि काय करायचं ते पुढच्या दहा मिनिटांत ठरवायचं असतं. त्या वेळी हवं असतं ते जागं असलेलं, भट्टी ओळखणारं माणूस.

कुंभारवाड्यात असं माणूस हाकेच्या अंतरावर असतं. धारावीच्या कुंभारवाड्यात आजही घराघरांत मिळून भट्ट्या वापरतात. सौराष्ट्रातून आलेली ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारातच माल भाजत आली आहेत. एकाची भट्टी पेटली की शेजारचा नुसत्या धुराकडे बघून बोलतो. आम्ही स्टुडिओत काम करणारे मात्र विखुरलेले. माझं शेड भोरच्या पश्चिमेला आहे. पाऊस धो धो, भातखाचरं चहूकडे, आणि पंचक्रोशीत स्टोनवेअर, म्हणजे खूप उष्णतेवर भाजलेली टणक भांडी, करणारं दुसरं कुणी नाही. मला माझा कुंभारवाडा मोबाईलवरच्या चॅटमध्ये मिळाला. गॅसच्या भट्टीत कोन दहापर्यंतची (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) माझी पहिली रिडक्शन फायरिंग, म्हणजे आत प्राणवायू कमी ठेवून केलेली भाजणी, मी त्याच माणसांच्या सोबतीने पार पाडली. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण एकट्याने भट्टी चालवणारे अनेक जण यातून गेले असतील किंवा जाणार असतील.

गट दोन आहेत. एक व्हॉट्सअ‍ॅपवर, मराठी-हिंदी-गुजरातीची सरमिसळ. त्यात बडोद्याचे एक काका आहेत, आयुष्य सिरॅमिक्समध्ये गेलेलं. नागपूरच्या एक ताई, पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकून आलेला एक मुलगा, आणि आमच्याच तालुक्यातले एक कुंभारकाका, जे टाइप करत नाहीत, फक्त आवाज पाठवतात. दुसरा गट डिस्कॉर्डवर, इंग्रजीत. तिथे स्कॉटलंड, ओहायो, ऑस्ट्रेलिया असं सगळं. आपली मध्यरात्र म्हणजे अमेरिकेत दुपार, त्यामुळे भट्टीच्या शेवटच्या, जिवावर येणाऱ्या तासांत तिकडची माणसं ताजीतवानी असतात. याचा फायदा किती मोठा आहे हे रात्री एकला कळतं.

या गटांत शिरल्यावर आधी बोलायची शिस्त शिकावी लागली. ‘भट्टी चढत नाहीये’ एवढंच लिहिलं तर उत्तर मिळत नाही, उलटे प्रश्न मिळतात. डँपर (धुराड्याची सरकती झडप) किती उघडा? गॅसचं प्रेशर किती? स्पायहोलमधून (आत डोकावायच्या भोकातून) ज्योत येते का, किती लांब? मागच्या तासात किती अंश चढली? वरचा कोन वाकला की खालचा? हे सगळं हाताशी ठेवायचं तर दर अर्ध्या तासाला वहीत नोंद हवीच. आणि गटाला वहीचा फोटो टाकायचा म्हटलं की नोंद आपोआप नीट होते, अक्षरसुद्धा सुधारतं. माझ्या मते निम्मं उत्तर या उलट्या प्रश्नांतच असतं. ज्योत किती लांब आहे हे बघायला तुम्ही भट्टीपाशी जाता आणि तिथेच तुम्हाला काय बिघडलंय ते दिसतं.

कोनची भाषा सगळ्यांना एकच, हेही फार सोयीचं. माझं पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र) आणि ओहायोतल्या बाईचं पायरोमीटर सारखं बोलेल याची काही खात्री नाही, कारण त्याला कळतं ते फक्त त्याच्या टोकापाशी त्या क्षणी असलेलं तापमान. कोन मात्र उष्णता किती वेळ आणि किती मुरली ते वाकून दाखवतो. कोन दहा म्हणजे चढण्याच्या वेगाप्रमाणे साधारण १२८५ ते १३०५ अंश सेल्सिअस. एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये ओहायोत हे कोन बनवायला सुरुवात केली, आणि आज भोरजवळच्या शेडमध्येही तेच उभे असतात. ‘नऊ वाकला, दहाचं टोक हललं’ एवढं लिहिलं की जगाच्या पाठीवर कुठल्याही कुंभाराला माझी भट्टी कुठवर आली ते कळतं.

मदत भट्टी भरायच्या कितीतरी आधीपासून मिळत होती. श्रावणात हवा इतकी दमट की मोठ्या वाडग्यांचे काठ आधी सुकायचे, बूड ओलंच राहायचं आणि तळाला चीर जायची. मी वाडग्याचा फोटो टाकला. कुंभारकाकांचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा गलका: ‘पोरी, काठाला वलं फडकं गुंडाळ आन् पालथं घालून बूड उघडं ठेव. काठ म्होरं पळतोय, बूड मागं राहतंय, मग चीर जाती.’ नागपूरच्या ताईंनी त्याच्या खाली लिहिलं की तळ थापताना बोटाने दाबून घट्ट केला तर आणखी बरं. दोन्ही केलं. त्या खेपेचे वाडगे धड राहिले. काकांनी स्टोनवेअर कधी भाजलेलं नाही, त्यांचा माल उघड्या आव्यात भाजतो, पण माती सुकते कशी हे त्यांच्याइतकं गटात कुणालाच कळत नाही, आणि बडोद्याचे काकासुद्धा हे मोकळेपणाने म्हणतात.

ग्लेझचंही तसंच. आमच्याकडे भाताच्या तुसाची राख फुकट मिळते. त्या राखेत बहुतांशी सिलिका असते, आणि लाकडाच्या राखेतलं कॅल्शियम ग्लेझ वितळवायला मदत करतं. ही राख, चुलीतली राख आणि फेल्डस्पार (ग्लेझ वितळवायला मदत करणारं खनिज) यांचं गणित जमवायला पाँडिचेरीवाल्या मुलाने मला संध्याकाळच्या संध्याकाळ दिल्या. मी ग्लेझ लावून भाजलेल्या चाचणीच्या पट्ट्यांचे फोटो टाकायची, तो तिथल्या तिथे म्हणायचा, फेल्डस्पार वाढवा ताई, अजून कोरडं दिसतंय. राख चाळताना तोंडाला चांगला मास्क लाव, हे मात्र तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, तेव्हा हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

आता फायरिंगचा दिवस. पहाटे सहाला बर्नर लावले. ६०० अंशांपर्यंत सावकाश, कारण ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि घाई केली तर भांडं तडकतं. तोवर गटावर सुप्रभात आणि चहा यापलीकडे काही नव्हतं. ९०० च्या आसपास डँपर आत ढकलला, आतला प्राणवायू कमी पडू लागला आणि स्पायहोलमधून ज्योतीची जीभ बाहेर आली. इथून खरी रिडक्शन सुरू. सेलडॉन या ग्लेझमधल्या दीड-दोन टक्के लोखंडाला हिरवट निळा रंग येतो तो याच धुसमटीमुळे. कार्बन मोनॉक्साइड याच वेळी तयार होतो, म्हणून शेडच्या दोन्ही बाजू उघड्या होत्या आणि अलार्म लावलेला होता. गटात नवीन आलेल्याला बडोद्याचे काका पहिला प्रश्न विचारतात तो अलार्म आहे का हाच, आणि नाही म्हटलं तर पुढे बोलत नाहीत. मला हे कडक वागणं फार योग्य वाटतं.

सगळं ठीक चाललं होतं ते ११९५ पर्यंत. मग आकडा थांबला. अर्धा तास, पाऊण तास, एखादा अंश वर, एखादा खाली. वहीचं पान टाकलं आणि पाच मिनिटांत चर्चा पेटली. बडोद्याचे काका म्हणाले, ‘बेटा, पहले सिलिंडर को हाथ लगा.’ हात लावला तर बर्फ. आतला द्रव गॅस वेगाने वायू होताना सिलिंडर गार पडतो, आणि गार पडला की प्रेशर उतरतं. चारही सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरी साय धरली होती, बोटाने रेघ ओढता येईल इतकी. ते साध्या पाण्याच्या टबांत उभे केले. साय विरघळली, प्रेशर सावरलं, पण भट्टी अजूनही मख्खच.

इथे मतभेद झाला आणि तोच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काका म्हणत होते थांब, विटा उष्णता पीत आहेत, तासाभरात चढेल. पाँडिचेरीवाला मुलगा म्हणत होता गॅस थोडा कमी करा आणि डँपर बोटभर बाहेर ओढा. चढत नसलेल्या भट्टीचा गॅस कमी करायचा हे ऐकायला उफराटं वाटतं. तेवढ्यात डिस्कॉर्डवर ओहायोच्या बाईंनी एकच प्रश्न टाकला, ज्योत मोजून सांग. मोजली, माझ्या वितीएवढी होती. त्यांनी लिहिलं, फार झाली, तुझा गॅस भट्टीच्या बाहेर जळतोय, चार बोटांवर आण. मी तो मेसेज मराठीत करून काकांना पाठवला. त्यांनी विचार केला आणि लिहिलं, ‘हाँ, इतनी लंबी है तो लडका सही बोल रहा है.’ पन्नास वर्षांचा अनुभव असलेला माणूस समोर आकडा आल्याबरोबर मत बदलतो, हे मी त्या रात्री पाहिलं. गॅस कमी केला, डँपर ओढला, ज्योत चार बोटांवर आली, आणि वीस मिनिटांत आकडा हलला. मग तो थांबला नाही.

साडेअकरानंतर नागपूरच्या ताई झोपायला जाते म्हणत म्हणत थांबल्याच होत्या. गडद काचेचा चष्मा लावून स्पायहोलमध्ये बघायचं, कोन दिसेनासे झाले की लांब नळीने हलकेच फुंकर मारायची, म्हणजे टोकं क्षणभर गडद होऊन दिसतात. ही युक्ती स्कॉटलंडच्या पोरीची. नऊ पूर्ण वाकला. दहाचं टोक झुकलं. मग सळईने आतून ग्लेझ लावलेली मातीची एक चाचणीची रिंग बाहेर काढली. लालभडक, थेंब थेंब चकाकणारी, पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र आवाज करत शेवाळी हिरवी झाली. टॉर्चच्या उजेडात फोटो टाकला. काका म्हणाले, रंगावर जाऊ नकोस, झटकन गार झालेली रिंग रंग खरा सांगत नाही, वितळलंय का ते बघ. काचेसारखं वितळलेलं होतं. दहा पूर्ण वाकल्यावर गॅस बंद, डँपर बंद, बर्नरची तोंडं बंद. गटावर चारपाच भाषांत शुभरात्री आल्या.

गार होण्याची वाट बघणं मला सर्वांत जड जातं, आणि तिथेही गट राखण करतो. उतरताना पुन्हा ५७३ लागतं, पुढे २२६ च्या सुमाराला क्रिस्टोबलाइट (भाजताना मातीत तयार होणारं सिलिकाचं एक रूप) आकसतो, तेव्हा गार वारा लागला तर चांगली जमलेली थाळीसुद्धा दुभंगते. ‘किती झालं?’ असं दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी ना कुणी विचारत राहिलं, आणि शंभराच्या वर असेपर्यंत उत्तर एकच, दार सोडून लांब बस.

दार व्हिडिओ कॉलवरच उघडलं. वरच्या दोन फळ्यांवरचं सेलडॉन मनाजोगतं, तुसाच्या राखेचं ग्लेझ साईसारखं दाट पांढरं आणि काठावर जरा निळसर. खालच्या पुढच्या कोपऱ्यातले कप फिके, तिथला कोन नऊपर्यंतच पोहोचलेला. भट्टी वर-खाली सारखी नाही हे कळलं, आणि लगेच पुढच्या वेळी फळ्या कशा रचायच्या याची चर्चा सुरू झाली.

फोटोवरून सगळंच कळत नाही, हेही सांगायला हवं. मोबाईल भगव्या उजेडाला स्वतःच्या मनाने पांढरं करतो, त्यामुळे ज्योतीच्या रंगावरून कुणी सल्ला दिला तर मी तो घेत नाही, आकडा आणि लांबी मागते. काही जण आपल्या ग्लेझची कृती सांगत नाहीत, पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि ते विचारायचं नसतं.

येत्या शनिवारी नागपूरच्या ताईंची पहिली रिडक्शन आहे. त्या पहाटे पाचला बर्नर लावणार आहेत. ९०० नंतर मी आहे, असं कळवून ठेवलंय, आणि सिलिंडरसाठी टब आधीच भरून ठेवा म्हणून सांगितलंय.