सोन्यासारखा फिस्टुला

सकाळच्या पहिल्या शिफ्टला सर आले तेव्हा त्यांना ताप नव्हता. मी स्वतः मोजला होता. वजन ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा, दोन किलो वर, रक्तदाब नेहमीचा, छातीतल्या कॅथेटरच्या, म्हणजे रक्त आत-बाहेर न्यायच्या नळीच्या, तोंडाशी लाली नाही की पू नाही. डायलिसिसचं मशीन लावलं. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील आणि त्यांची खाट वाजायला लागली. हुडहुडी भरली होती. दोन ब्लँकेटं टाकली तरी दातांचा आवाज दुसऱ्या खाटेवर ऐकू जात होता.

छातीत कॅथेटर असलेला माणूस मशीनवर असा कुडकुडायला लागला की आमच्यातला कोणीही आधी एकच धरतो: रक्तात जंतू गेले. नळीच्या आतल्या भिंतीवर त्यांचा बुळबुळीत थर बसलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही. पंप सुरू झाला की त्यातले थोडे सुटतात, आणि नळीचं टोक असतं थेट हृदयाच्या तोंडाशी. डॉक्टरांना फोन केला, कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे ते उगवून बघायला, रक्त घेतलं आणि मगच अँटिबायोटिक सोडलं. हा क्रम उलटा झाला तर कल्चरमध्ये काही उगवेलच असं नाही, आणि मग आठवडाभर सगळे अंधारात तीर मारतात. तशा रात्रपाळ्या मी पाहिल्या आहेत, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

सरांना हे कॅथेटर का होतं, तो खरा विषय.

सर व्हायोलिन शिकवतात. किडन्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. पोटातून करायचं डायलिसिस जमण्यासारखं नव्हतं, आधीच्या मोठ्या ऑपरेशनमुळे आतडी पोटाला चिकटलेली. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. तोपर्यंत आठवड्यातून तीनदा, चार-चार तास आमच्याकडे. (अजूनही लोक मला विचारतात, किती वेळा केलं की किडनी बरी होते? दर वेळी सांगतो, डायलिसिस किडनीला बरं करत नाही, किडनीचं थोडं काम करतं. चार तासांत एका माणसासाठी साधारण 120 लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं, तरी खऱ्या किडनीची सर येत नाही.)

सुरुवातीला त्यांच्या डाव्या हाताला, कोपराजवळ फिस्टुला केला होता. म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडायच्या. धमनीच्या जोरानं शीर फुगते, भिंत जाड होते, आणि दीड-दोन महिन्यांनी त्यात जाड सुया घालता येतात. 1960 साली अमेरिकेत स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरांनी हातावर कायमची बसणारी टेफ्लॉनची नळी वापरली, त्याआधी दर डायलिसिसला एक धमनी आणि एक शीर खर्ची पडायची. चार-सहा वेळा झालं की जागाच उरायची नाही. म्हणून कायमच्या रुग्णाला डायलिसिस मिळतच नव्हतं. फिस्टुला आला 1966 मध्ये. आत प्लास्टिक नाही, माणसाचीच शीर, म्हणून जंतूंचा धोका सगळ्यात कमी. आजही त्याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

आणि सरांचा फिस्टुला कसा होता म्हणून सांगू. बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर. सरळ, लांब, वरच्यावर. मी दर वेळी सुईची जागा बोटभर पुढे सरकवायचो. नवी मुलं सोपं पडतं म्हणून त्याच त्या जागी टोचतात आणि वर्षभरात तिथे लिंबाएवढा फुगा येतो. सरांच्या हातावर मी दुसऱ्या कोणाला सुई धरू देत नव्हतो. अहंकार म्हणा हवं तर.

पण चौथ्या महिन्यापासून सरांची करंगळी आणि अनामिका गार पडायला लागली. मशीनवर असताना ठणकायची, पांढरी व्हायची. फिस्टुला हाताचं रक्त पळवतो, पुढे बोटांना कमी पडतं. सर्जन म्हणाले, जोड थोडा अरुंद करून बघू, फरक पडेल, न पडेल. सरांनी विचारलं, उजव्या हाताला नवा केला तर हेच होणार नाही कशावरून? उजव्या हातात गज असतो. खात्री कोण देणार? आमचे डॉक्टर खाटेपाशी थांबतात मोजून एक मिनिट. त्या मिनिटात ते म्हणाले, "हात की जीव, ठरवा." हात म्हणजे सरांचं काय, हे विचारायला दुसरं मिनिट लागलं असतं.

त्याच आठवड्यात एकदा मी दोन शिफ्टच्या मधे मशीन धूत होतो. मागून सर म्हणाले, "तुझी बोटं अशी असती तर तू काय केलं असतंस?"

मी वळलोसुद्धा नाही. "मी बंदच करून टाकला असता, सर," म्हणालो. सुई मारणाऱ्याची बोटं गेली तर तो काय करणार, एवढंच डोक्यात होतं. पुढची शिफ्ट लावायची घाई होती.

पंधरा दिवसांनी त्यांनी फिस्टुला बांधून बंद करून घेतला. महिन्याभरात बोटं बरीचशी परत आली. छातीत कॅथेटर बसलं. आमच्या महिन्याच्या तक्त्यात कॅथेटरवाल्यांची टक्केवारी एकानं वाढली, त्यावर मीटिंगमध्ये मलाच बोलणी खावी लागली. तक्त्यात कारणाचा रकाना आहे. त्यात कोणीतरी लिहिलं होतं, "रुग्ण ऐकत नाही."

त्या सकाळी सरांना वॉर्डात हलवल्यावर त्यांची बायको पॅसेजमध्ये भेटली. रडत नव्हती. म्हणाली, "दादा, तुम्ही त्यांना बंद कर म्हणालात ना? ते घरी येऊन म्हणाले होते, रोज सुया लावणारा माणूस सांगतोय."

मला हे माहीतच नव्हतं. एक वर्ष चार महिने मी कॅथेटरच्या टोप्या उघडत होतो, लाल, निळी, लाल, निळी, आणि ते माझ्या नावावर लागलंय हे मला ठाऊक नव्हतं. मी काहीतरी बोललो. "मी तसा सल्ला दिला नव्हता" असं काहीसं. खरं होतं आणि खोटंही.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. तो निघाला की कॅथेटर ठेवत नाहीत. ते काढलं, दोन दिवस मांडीतल्या तात्पुरत्या नळीवर काढले, मग दुसऱ्या बाजूला नवीन घातलं. हृदयाच्या झडपांवर काही बसलंय का हे सोनोग्राफीत बघितलं. नव्हतं. पुढच्या खेपेला असेलही. अँटिबायोटिक काही आठवडे चालणार.

वॉर्डात मी एकटाच गेलो होतो, ड्यूटी संपल्यावर. सरांना सरळच विचारलं.

"अरे राजा, तुला विचारलं तेव्हा माझं ठरलेलंच होतं," ते म्हणाले. "कोणीतरी 'हो' म्हणावं एवढंच हवं होतं. तू वळून बघितलं असतंस तर कदाचित 'नको' म्हणाला असतास, म्हणून पाठमोरा असतानाच विचारलं."

हे खरं होतं की माझ्यासाठी बोललेलं, मला कळलं नाही. त्यांनी बोटं ब्लँकेटवर ठेवली होती आणि करंगळी हळूच उचलून खाली टेकवत होते, मग अनामिका. त्यांना सवय आहे. मी विचारलं, पुन्हा असं झालं तर? ते म्हणाले, "झालं तर झालं. शिष्य येतात घरी. गेल्या वर्षी चौदा जण होते. ते काय मी सीडी लावून शिकवू?"

घरी आल्यावर मी बराच वेळ हिशेब करत बसलो. मी मागे वळून म्हणालो असतो, "सर, थांबा, सर्जनना अरुंद करून बघू दे," तर? कदाचित हात वाचला असता, फिस्टुलाही. कदाचित बोटं काळी पडली असती. ही 'कदाचित'ची रांग संपत नाही. आणि माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, पहिली हळहळ त्या फिस्टुलाचीच होती. तसा परत हातात आला नाही.

आता कोणी रुग्ण "तुम्ही काय केलं असतं" विचारतो तेव्हा मी मशीन थांबवून समोर स्टूल ओढतो. दोन-तीन जण त्यामुळे वैतागलेत. त्यांना उत्तर हवं असतं, बैठक नको असते.

परवा सर परत माझ्या शिफ्टला आले. त्यांच्या तोंडावर मास्क, माझ्या तोंडावर मास्क. टोपी काढल्यावर नळीचं तोंड किमान पंधरा सेकंद घासायचं असतं. सर पहिल्या दिवसापासून मला सोळा मात्रा मोजून देतात, विलंबितात, घाई करू देत नाहीत. बायको दाराशी उभी होती. सर मोजायला लागले. बाराव्या मात्रेला माझा हात थांबला की काय असं वाटलं त्यांना, मोजणं सोडून म्हणाले, "पुढे."